अल्पपरिचित गीतांचा आस्वाद : सी. रामचंद्र यांच्या संगीताकडे पुन्हा पाहताना

प्रास्ताविक

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात गोदावरीच्या काठी पुणतांबे हे गाव आहे. (जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, प्रस्तुत लेखात जुने नाव सवयीने येते.) योगी चांगदेवांच्या समाधीमुळे हे गाव वारकरी परंपरेला परिचित आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो, म्हणून प्रवाशांनाही ते ठाऊक आहे. 2017 च्या जून महिन्यात शेतकऱ्यांच्या संपामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. परंतु 12 जानेवारी 1918 रोजी याच गावी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला आणि पुढे सी. रामचंद्र या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचे एक युग गाजवले, ही गोष्ट जिल्ह्यातील सुशिक्षितांपैकीही अनेकांना नव्याने सांगावी लागते. चितळकर या आडनावात त्याच परिसरातील चितळी गावाची खूण असावी.

ज्यांना हे नाव ठाऊक आहे त्यांना त्यांची गाणी विचारली, की यादी बहुधा ठरलेली असते. 'अनारकली'मधील एक-दोन, 'अलबेला'मधील तीन-चार, 'आझाद'मधील एक, 'नवरंग'मधील एक आणि अर्थातच 1963 चे 'ऐ मेरे वतन के लोगो'. शंभराहून अधिक चित्रपटांना संगीत देणाऱ्या कलावंताची ओळख दहा-बारा गीतांवर उभी आहे. गाणी थोडी आठवावीत याबद्दल तक्रार नाही. लोकस्मृती नेहमीच निवडक असते. प्रश्न असा आहे, की या निवडीतून कलावंताचे जे चित्र तयार होते ते खरे आहे काय? 'खेळकर, उडत्या चालींचा, पाश्चात्त्य ठेक्यांचा संगीतकार' हे सी. रामचंद्र यांचे रूढ वर्णन त्यांच्या प्रसिद्ध गीतांवरून बेतलेले आहे. त्यांची कमी ऐकली गेलेली गाणी शेजारी ठेवली, की हे वर्णन अपुरे वाटू लागते. ते का, याचा शोध घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

गीत अल्पपरिचित का राहते?

'अल्पपरिचित' या शब्दाने समीक्षेत एक गोंधळ होतो. जे गीत फारसे कोणी ऐकलेले नाही ते आपोआप श्रेष्ठ, असा एक सूर संग्राहकांच्या बैठकीत कायम लागलेला असतो. दुर्मीळ तबकडी हाती लागल्याचा आनंद आणि गीताच्या सौंदर्याचा आनंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला आनंद नाणी जमवणाऱ्यालाही होतो. याच्या उलट टोकाला दुसरा गैरसमज आहे : गीत चांगले असते तर ते गाजलेच असते. हा युक्तिवाद वरकरणी लोकशाहीवादी वाटतो. पण गीत लोकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचत होते, याचा इतिहास तो विसरतो.

सी. रामचंद्र यांचा सर्वांत सुपीक कालखंड साधारणतः 1946 ते 1957 हा मानावा लागतो. फिल्मिस्तानच्या 'सफर' (1946) आणि 'शहनाई' (1947) या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. त्यापाठोपाठ 'नदिया के पार' (1948), 'पतंगा' (1949), 'समाधी', 'सरगम' आणि 'निराला' (तिन्ही 1950), 'अलबेला' आणि 'सगाई' (1951), 'परछाई' (1952) असा ओघ आहे. या ओघाच्या ऐन मध्यावर, 1952 मध्ये, डॉ. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकर स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. हेतू अभिजात संगीताला बळ देण्याचा होता. परिणाम असा झाला, की श्रोत्यांनी रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे अमीन सयानी यांच्या निवेदनासह 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. विविध भारती यायला ऑक्टोबर 1957 उजाडला.

या तारखा शेजारी मांडल्या, की सी. रामचंद्र यांच्या बाबतीत नेमके काय घडले ते उमगते. ज्या कार्यक्रमाने पुढील तीन दशके गीतांची लोकप्रियता मोजली आणि घडवलीही, तो सुरू होण्यापूर्वीच त्यांची बरीचशी उत्तम गाणी येऊन गेलेली होती. 1953 च्या 'अनारकली'ला गीतमालेचा लाभ मिळाला. 1951 च्या 'सगाई'ला तो मिळणे शक्यच नव्हते. पुढे ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दीर्घ तबकड्या आणि नंतर कॅसेटी काढल्या तेव्हा त्यांनी विक्रीची खात्री असलेली गाणीच पुन्हा पुन्हा घेतली. एकदा निवडले गेलेले गीत त्यामुळे प्रत्येक नव्या माध्यमात पुन्हा निवडले जात राहिले, आणि एकदा सुटलेले प्रत्येक वेळी सुटत गेले. आज संगणकावर सारेच उपलब्ध असल्याचा भास होतो. तरी यंत्र जे पुढे सरकवते ते आधी ऐकले गेलेलेच असते.

दुसरे एक कारण चित्रपटाच्या आतच असते. एखाद्या चित्रपटात तीन-चार गीते अफाट लोकप्रिय झाली की पाचवे झाकोळते. 'अलबेला'तील लता मंगेशकरांचे 'बलमा बड़ा नादान' हे त्याचे ठळक उदाहरण. शेजारी 'शोला जो भड़के', 'भोली सूरत', 'शाम ढले' आणि 'धीरे से आजा' अशी मंडळी बसलेली असताना त्याच्याकडे लक्ष जाणार कसे? दुसऱ्या एखाद्या सामान्य चित्रपटात तेच गीत असते तर त्या चित्रपटाची ओळख ठरले असते.

घडण

सी. रामचंद्र यांनी पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. चित्रपटात आले ते मात्र नट म्हणून, 1935 च्या 'नागानंद'मध्ये. तो चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि हार्मोनियमवादन. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती दोन तमिळ चित्रपटांत आणि त्यानंतर भगवान यांच्या 'सुखी जीवन' (1942) मध्ये. ही उमेदवारी येथे सांगण्याचे कारण इतकेच, की ग्वाल्हेर घराण्याची शिस्तबद्ध तालीम आणि स्टुडिओतील पडेल ते काम करण्याची सवय या दोन्ही गोष्टी त्यांच्या संगीतात अखेरपर्यंत एकत्र नांदल्या.

मुंबईत त्यांच्याभोवती गोव्याचे वादक होते. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतील मोठे नाव. 'अलबेला'त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 'आशा' (1957) मधील 'ईना मीना डीका'च्या निरर्थक शब्दांमागे मुलांचे खेळगाणे आणि वादक जॉन गोम्स यांनी पुरवलेले कोकणी शब्द असल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. 'समाधी'तील 'गोरे गोरे' एका अमेरिकी चित्रपटगीताच्या चालीवर बेतले होते, हेही लपून राहिलेले नाही. या गाण्यांचा आनंद खरा आहे आणि तो नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण त्यांच्यावरून संगीतकाराच्या स्वभावाचे निदान करणे म्हणजे एखाद्या लेखकाच्या विनोदी लेखनावरून त्याच्या कवितांविषयी मत देण्यासारखे आहे.

एका गमतीच्या नावाच्या चित्रपटातील गीत

1952 मध्ये पी. एल. संतोषी यांचा 'शिन शिनाकी बुबला बू' हा चित्रपट आला. नाव ऐकूनच गंभीर रसिकाने पाठ फिरवावी! संतोषी हे 'शहनाई'पासूनचे सी. रामचंद्र यांचे सहकारी, गीतकारही तेच. या चित्रपटात लताबाईंनी गायलेले 'तुम क्या जानो' हे गीत आहे.

गीताचा आशय जुनाच आहे. विरहिणी म्हणते, तुझ्या आठवणीत मी किती रडले हे तुला कोठून कळणार. तू सुखाने झोपला होतास आणि मी तारे मोजत होते. अशा शेकडो रचना हिंदीत आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींत संगीतकार रडण्याच्या मागे लागतो. व्हायोलिनांचा पूर येतो, स्वर तारसप्तकात जातो, हुंदक्याची जागा आधीच राखून ठेवलेली असते. सी. रामचंद्र येथे यांतले जवळजवळ काहीच करत नाहीत. वाद्यमेळ मागे राहतो, ठेका हलका आहे. मुखड्यात रडण्याचा उल्लेख येतो तेथे गायिकेचा आवाज चढत नाही. जणू रडून झालेले आहे आणि आता फक्त सांगायचे उरले आहे. दुःख घडत असतानाचा स्वर आणि दुःख आठवतानाचा स्वर यांतील हा फरक संगीतकाराला नेमका कळला आहे. कवितेतील क्रियापद भूतकाळी आहे. चालही भूतकाळी आहे.

या एका निरीक्षणात मला त्यांच्या कलेची किल्ली सापडते असे वाटते. त्यांची चाल शब्दांच्या पुढे धावत नाही. खेळकर गीतात याच गुणामुळे शब्द चटकन जिभेवर बसतो आणि गीत गर्दीचे होते. करुण गीतात याच गुणामुळे भावना ओसंडत नाही आणि ते गीत एकट्याचे राहते. तत्त्व एकच. गर्दीचे गीत टिकले, एकट्याचे मागे पडले, यात नवल नाही.

'परछाई' आणि 'यास्मिन'

व्ही. शांताराम यांच्या 'परछाई'तील तलत महमूद यांचे 'मुहब्बत ही न जो समझे' हे गीत रसिकांना प्रिय आहे. त्याच चित्रपटात लताबाईंचे 'कटते हैं दुख में' आहे. दोन्हींचे गीतकार नूर लखनवी. दुसरे गीत गझलेच्या बांध्याचे आहे. दुःखात कूस बदलत दिवस जातात, मनातल्या इच्छा मनातच तडफडत राहतात, असे ती सांगते. या रचनेची गंमत अशी, की प्रत्येक शेवटाशी काफिया म्हणून येणारे क्रियापद दोनदा उच्चारले जाते आणि मग अंत्य अव्यय येते. द्विरुक्ती ही आपल्या भाषांचीही जुनी खोड आहे. 'रडून रडून', 'वळून वळून' असे आपण म्हणतो तेव्हा एकाच कृतीचा कंटाळा आणि तिची अपरिहार्यता दोन्ही व्यक्त होतात.

संगीतकारासमोर येथे पेच असतो. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला. चालही दोनदा तीच ठेवली तर सपाट होते, फार बदलली तर द्विरुक्तीचा अर्थच नष्ट होतो. सी. रामचंद्र यांनी दुसऱ्या उच्चाराला पहिल्यापेक्षा किंचित वेगळे वळण दिले आहे. ऐकणाऱ्याला कूस बदलल्याचा भास व्हावा, इतकेच. शास्त्रीय संगीतात बोलांचे विस्ताराने उपज करणारा गायक हेच काम पाच मिनिटांत करील. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ते दोन शब्दांच्या फटीत उरकावे लागते. चित्रपटगीत हे शास्त्रीय संगीताचे सौम्य रूप नव्हे, त्याचे स्वतःचे नियम आहेत, असे डॉ. अशोक दा. रानडे यांनी जनसंगीताची स्वतंत्र कोटी मानून दाखवून दिले होते. अशा जागा ऐकताना त्या म्हणण्याची सत्यता पटते. राग कोणता, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. सी. रामचंद्र यांना बागेश्री प्रिय होता. 'अनारकली'तील 'जाग दर्द-ए-इश्क' आणि 'आझाद'मधील 'ना बोले ना बोले' ही त्याची सर्वज्ञात उदाहरणे. पण रागाचे नाव सांगून गीत समजले असे मानणे, ही आपल्याकडील रसग्रहणाला लागलेली एक आळशी सवय आहे.

'यास्मिन' (1955) हा ए. आर. कारदार यांचा चित्रपट. गीते जाँ निसार अख्तर यांची. तलत यांच्या 'बेचैन नज़र'चे चाहते आजही भेटतात. लताबाईंचे 'मुझ पे इल्ज़ाम' मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. बेवफाईचा आरोप झालेली स्त्री गात आहे. कवीने एक विलक्षण गोष्ट केली आहे : ती प्रियकराला उत्तर देत नाही, समाजालाही नाही; ती थेट प्रेमाकडेच दाद मागते. म्हणजे आरोपी, फिर्यादी आणि न्यायासन यांची नेहमीची मांडणीच येथे मोडली आहे. अशा वेळी चाल आक्रोशाची झाली असती तर ती प्रियकराला उद्देशून वाटली असती. संगीतकाराने तिला प्रार्थनेचा तोल दिला. आरोपाचा उल्लेख सरळ, जवळजवळ वृत्त सांगावे तसा. आणि दाद मागतानाच स्वर वर उचलला जातो. आवाज कोठे चढवायचा आणि कोठे चढवायचा नाही याचा हा निर्णय कवितेच्या वाचनातून आलेला आहे. असे वाचन करणारा संगीतकार केवळ 'चाली लावणारा' नव्हे, तो कवितेचा समीक्षक असतो.

दोन स्त्रिया, एक चंद्र

एल. व्ही. प्रसाद यांच्या 'शारदा' (1957) मधील 'ओ चाँद जहाँ' हे गीत पूर्णतः विस्मृत नाही. तरीही त्याच्या वाट्याला यायला हवी तेवढी चर्चा आलेली नाही. लता आणि आशा या भगिनींनी एकत्र गायलेली युगुलगीते तशीही मोजकी. गीतकार राजेंद्र कृष्ण. पडद्यावर मीनाकुमारी आणि श्यामा.

कथानक ठाऊक असल्याखेरीज हे गीत उलगडत नाही. नायकाचे शारदेवर प्रेम असते. पण परिस्थिती अशी येते, की ती त्याच्या वडिलांची पत्नी होऊन घरात येते. पुढे त्याचेही लग्न होते. नायक दूर असताना त्याची पत्नी आणि त्याची पूर्वीची प्रेयसी, जी आता नात्याने माता आहे, अशा दोघी चंद्राला विनवतात की तो जाईल तेथे तूही त्याच्या सोबत जा. मागणे एकच, पण एकीला ते मागण्याचा अधिकार आहे, दुसरीला ते केवळ वडीलधारीच्या आशीर्वादाच्या आडून मागता येते.

सामान्य संगीतकाराने येथे दोघींना दोन स्वतंत्र चाली दिल्या असत्या. एकीला उत्सुक, दुसरीला व्याकूळ. प्रेक्षकाला चटकन कळावे अशी सोय झाली असती. सी. रामचंद्र यांनी दोघींना एकाच चालीत बांधले. फरक राहिला तो फक्त आवाजांचा, आणि त्या दोन आवाजांतही बहिणींचे साम्य आहे. त्यामुळे या दोन स्त्रियांमधील अंतर ऐकू येते आणि पुसलेही जाते. ज्या भावनेला घरात नाव नाही ती पत्नीच्या हक्काच्या भावनेच्या चालीतून बोलते. एकच चाल देणे हा येथे कंजूषपणा नव्हे, तोच अर्थ आहे.

मी हे गीत द्वितीय वर्षाच्या वर्गात चित्रपटाचे नाव न सांगता ऐकवले होते. बहुतेकांना ते दोन मैत्रिणींचे साधे गीत वाटले. कथानक सांगून दुसऱ्यांदा ऐकवल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग दुसरी बाई गाते तेव्हा पहिलीला कळतं का?" या प्रश्नाचे उत्तर गीतात नाही. असा प्रश्न सुचावा इतके मात्र त्यात आहे. त्याच वर्गात 'ईना मीना डीका' आणि 'कटते हैं दुख में' ही गीते लागोपाठ लावून, संगीतकार एकच की दोन, असेही विचारले होते. बहुतेकांनी दोन म्हणून हात वर केले. चूक त्यांची नव्हे. त्यांच्यापर्यंत जे पोहोचले त्यावरून त्यांनी योग्यच अनुमान काढले.

काही आक्षेप

येथवरचे विवेचन वाचून, करुण गीत म्हणजेच श्रेष्ठ असे प्रस्तुत लेखकाला वाटते, असा समज होण्याची शक्यता आहे. तसे नाही. 'नदिया के पार'मधील 'मोरे राजा हो' हे महंमद रफी आणि ललिता देऊळकर यांचे गीत घ्यावे. मोती बी. ए. यांच्या शब्दांना भोजपुरी मातीचा वास आहे आणि गोदाकाठी जन्मलेल्या संगीतकाराने त्या बोलीचा हेल असा पकडला आहे, की त्यात पाहुणेपणा जाणवत नाही. ललिताबाई पुढे सुधीर फडके यांच्या पत्नी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. गायिका म्हणून त्यांची ही नोंद मात्र आपणच विसरलो. किंवा 'बहूरानी' (1963) मधील हेमंतकुमार आणि लताबाईंचे 'उम्र हुई' हे साहिर यांचे गीत. भेटून एक आयुष्य झाले तरी पहिल्यांदाच भेटल्यासारखे वाटते, असे म्हणणारी प्रौढ प्रसन्नता आपल्या गीतांत विरळच. नायक-नायिकेचे लग्न झाले की हिंदी चित्रपटातील प्रेमगीत बहुधा संपते. येथे ते जणू तेथूनच सुरू होते. वाद्यमेळ पुन्हा मोजकाच. तोच संयम, पण सुखाच्या बाजूने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सी. रामचंद्र यांनी भरमसाट काम केले आणि त्यांतील पुष्कळ काम घाईचे आहे. ठरावीक साच्याची युगुलगीते, स्वतःच्याच चालींची पुनरावृत्ती, प्रसंग नसताना घुसवलेले पाश्चात्त्य ठेके हे सारे त्यांच्याकडे आहे. त्यांची अल्पपरिचित गाणी सलग ऐकण्याचा उद्योग केल्यास निम्म्याहून अधिक गाणी विसरली गेली ते बरेच झाले, असे वाटते. 'चितळकर' या नावाने ते स्वतः गात. खेळकर गीतात तो आवाज मजेचा, पण 'आझाद'मधील 'कितना हसीं है मौसम'मध्ये ते तलत यांच्या शैलीची छाया धरतात तेव्हा मूळ आवाजाची आठवण अधिक होते. हे मान्य केल्याने आपला मुद्दा दुबळा होत नाही. घाईतही काही ठिकाणी जो थांबला तो कोठे थांबला, हेच तर पाहायचे आहे.

तिसरी अडचण साधनांची. सी. रामचंद्र यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची चर्चा झाली ती मुख्यतः व्यक्तिगत संबंधांच्या उल्लेखांवरून. त्यातील संगीतविषयक मजकूर त्या गदारोळात मागे पडला. मराठीत शिरीष कणेकर यांच्या 'गाये चला जा'ने एका पिढीला जुन्या गीतांचे वेड लावले, हे ऋण मोठे आहे. पण त्या लेखनाचे बळ आठवणींत आणि किश्श्यांत होते. पुढे त्याच्या अनुकरणातून जे लेखन आले त्यात किस्से वाढले आणि गीत कमी होत गेले. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी एकहाती चिकाटीने 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला नसता, तर कोणते गीत कोणाचे हे ठरवणेही आज कठीण होते. विद्यापीठांनी करावयाचे काम एका हौशी माणसाने केले, याची खंत महाविद्यालयीन अध्यापकांनी तरी बाळगायला हवी.

जिल्ह्यापुरते

27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत कवी प्रदीप यांचे शब्द, सी. रामचंद्र यांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज यांनी पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणल्याची कथा शालेय कार्यक्रमांतून दरवर्षी सांगितली जाते. हेच नेहरू 1942 ते 1945 या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते आणि तेथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या संगीतकाराची चाल नगरला कैद भोगलेल्या पंतप्रधानांपुढे गायली गेली, हा योगायोग आपल्या वक्त्यांच्या नजरेतून कसा सुटतो कोण जाणे. पण त्या एका गीताच्या प्रभेत बाकीचे सारे झाकले गेले आहे. देशभक्तीचे एक आणि नाचाची पाच, एवढ्यावर आपण त्यांना निरोप दिला. 5 जानेवारी 1982 रोजी त्यांचे निधन झाले, 2018 मध्ये जन्मशताब्दी होऊन गेली, आणि अजूनही त्यांच्या गीतांचा मराठीतील गंभीर अभ्यास बोटांवर मोजण्याइतका आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना यात करण्यासारखे एक छोटे काम दिसते. श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात अनेक घरांत ग्रामोफोन आले. त्या तबकड्या अजूनही काही माळ्यांवर आहेत. बऱ्याच भंगारात गेल्या. एका निवृत्त गृहस्थांकडे गेल्या वर्षी मला 'निराला'तील 'महफ़िल में जल उठी शमा'ची तबकडी पाहायला मिळाली. कडा थोडी उडालेली, वेष्टनावर शाईने लिहिलेली खरेदीची तारीख. ती केव्हा आणि का घेतली, घरात कोण ऐकत असे, हे त्यांनी अर्धा तास सांगितले. ते सांगणे कोणत्याही गीतकोशात नाही. भाषा आणि संगीत विभागांच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या गावातील अशा तबकड्यांची नोंद केली तर पुरेसे आहे. फार मोठी प्रश्नावली नको. तबकडीचा क्रमांक, गीत, ती कोणी आणि कोठून घेतली, कोण ऐकत असे, आणि दुसऱ्या बाजूला कोणते गीत आहे, एवढे पाच रकाने. शेवटचा रकाना विसरू नये. पुष्कळदा लोकांनी तबकडी घेतली ती पहिल्या बाजूसाठी आणि उलटून ऐकलीच नाही.